टोपरं घातलेला ट्रेलर

वामनरावांनी डिझेलच्या टाकीत खुपसलेली बांबूची कमटी बाहेर काढली, उन्हात धरून निरखली आणि डोमाच्या हातात दिली. ओलं काय ते टोक तेवढं होतं. वरची सगळी कमटी कोरडीठाक.

“तूच पाह्य आता,” ते म्हणाले. “मी काही बोलत नाई.”

वामनराव काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना पुष्कळ बोलायचं आहे, हे त्यांच्या ट्रकांच्या आवारात उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हर डोमा निमगडेनं कमटी पाहिली, टाकीत वाकून पाहिलं, टाकीखाली सरपटत जाऊन कुठे गळती आहे का तेही पाहिलं. जमीन कोरडी होती. डिझेल टाकीत नव्हतं, जमिनीवर नव्हतं, आणि ज्या गाडीनं ते कमी खायला हवं होतं तीच गाडी ते गिळून बसली होती. डोमाला काही म्हणता काही कळेना.

गाडी साधीसुधी असती तर एवढा घोळ झालाच नसता. वामनरावांच्या गाड्या धानोऱ्याकडच्या जंगलातून बांबू उचलायच्या आणि गडचिरोली, सावली, मूल, चांदा करत बल्लारपूरच्या कागद गिरणीत नेऊन टाकायच्या. त्यातला एकच लांबलचक ट्रेलर होता आणि तो डोमाकडे होता. होळीच्या आधी वामनरावांचा पुतण्या श्रीहरी नागपूरहून आला. तो तिथे इंजिनियरिंगच्या कॉलेजात शिकवायचा. त्यानं काकांना पटवून दिलं की गाडी नुसतं ओझं ओढत नाही, समोरचा वाराही ढकलत असते, आणि त्या ढकलाढकलीत पुष्कळ डिझेल फुकट जातं. वाऱ्याला सरळ धडक देण्याऐवजी त्याला वाट काढून दिली तर तेवढ्याच टाकीत गाडी लांब जाईल. डिझेलचं नाव काढलं की वामनरावांचं काळीज हलायचं. त्यांनी त्याच दिवशी वेल्डर बोलावला.

केबिनच्या टपावर पत्र्याचा एक फुगीर, गुळगुळीत घुमट बसला. दोन्ही बाजूंना चाकं झाकतील अशा पत्र्याच्या झालरी लागल्या. बांबूवर ताडपत्री ताणून बांधायचं ठरलं. श्रीहरीनं या सगळ्याला एक इंग्रजी नाव सांगितलं, पण लाईनीवरच्या ड्रायव्हरांनी पहिल्याच दिवशी त्याला टोपरं म्हणायला सुरुवात केली. वाटेत डोमा भेटला की गाडी हळू करून विचारायचे, “डोमाभाऊ, लेकराले सर्दी झाली का?”

डोमा हसण्यावारी न्यायचा. खरं तर त्याच्या डोक्याला ताप झाला होता. जंगलातल्या रस्त्यावर मोहाच्या फांद्या टोपऱ्याला खरवडत, म्हणून गाडी जपून हाकावी लागे. पंक्चर झालं तर झालर उघडल्याशिवाय चाक हाती लागत नव्हतं, आणि झालर उघडायला श्रीहरीची सक्त मनाई होती. तपासणी पुरी होईपर्यंत कुणी एका बोल्टलाही हात लावायचा नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात, असं त्यानं बजावलं होतं. टायरचं नशीब, की पंक्चर झालं नाही.

पहिल्या खेपेला डिझेल खरंच वाचलं. वामनरावांनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना पेढे दिले. दुसऱ्या खेपेला काही वाचलं नाही. त्यानंतर मात्र गाडी जास्तच पिऊ लागली, आणि दर खेपेला आणखी. श्रीहरी कागद घेऊन बसायचा, आकडे मांडायचा, खोडायचा, पुन्हा मांडायचा. असं होऊच शकत नाही, असं तो म्हणायचा. होऊन तर राह्यलं, असं काका म्हणायचे. दोघांचंही खरं होतं, आणि मध्ये डोमा उभा होता.

ड्रायव्हर म्हटला की थोडंफार डिझेल इकडेतिकडे होणारच, असं लाईनीवर सगळे धरून चालत. मालकही धरून चालत. डोमा त्यातला नव्हता. त्याचा बाप छप्पन साली चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि घरी आल्यावर त्यानं पोरांना पहिली गोष्ट शिकवली ती ही, की दिल्याशिवाय कुणाची काडी घ्यायची नाही. आजही पौर्णिमेला विहारात ते शील म्हणताना डोमाचा आवाज इतरांपेक्षा थोडा मोठा निघायचा. त्याला घर होतं ते कौलाचं, शेती नव्हती, शिक्षण चौथी. नाव तेवढं होतं. ते गेलं तर या माणसाकडे दाखवायला दुसरं काहीच उरत नव्हतं, आणि हे त्याला फार चांगलं कळत होतं.

म्हणून तो रात्रंदिवस विचार करायचा. आपला पाय जड झाला का? गियर चुकीचा पडतो का? एकदा तर त्याला वाटलं, की आपणच झोपेत उठून डिझेल विकून येतो की काय. बायकोला, कलाबाईला, त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमी झोपेत उठून पाणी पेत नाई, डिझेल काय विकता.

आणि मग त्याच्या मनात इतवारी आला.

इतवारी त्याचा क्लीनर. वयानं डोमापेक्षा मोठा, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. एके काळी त्याची स्वतःची बैलबंडी होती आणि तो आतल्या जंगलातून बांबू रस्त्यापर्यंत आणायचा. पुढे ट्रक थेट आत जाऊ लागले, बंडीचं काम संपलं, आणि बंडीवाला ट्रकमध्ये येऊन बसला. तेव्हापासून दोघं एका डब्यात जेवत होते. इतवारी फार बोलायचा नाही. गाडी घाटात रडायला लागली की मात्र बैलाशी बोलावं तसं तिच्याशी हळूच बोलायचा. डोमाला त्याचं हे फार आवडायचं.

याच खेपेला धानोऱ्याच्या अलीकडे नाल्यावर ते जेवायला थांबले होते. डोमा झाडाखाली आडवा झाला. डोळा लागतोय न लागतोय तोच त्याला इतवारी दिसला. हातात पत्र्याचा डबा. इतवारीनं एकदा डोमाकडे पाहिलं, तो झोपला आहे असं त्याला वाटलं असावं, आणि तो ट्रेलरच्या पलीकडे गेला. थोड्या वेळानं आला तेव्हा तो धोतराला हात पुसत होता. डोमानं डोळे मिटून घेतले. विचारायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, पण ज्याच्या पोटात स्वतःच भीती असते तो माणूस विचारत नाही, मनात साठवतो.

आता कोरडी कमटी हातात घेऊन तो आवारात उभा होता, आणि वामनराव शेवटी बोललेच.

“डोमा, पोराचं गणित चुकून राह्यलं का तुही नियत?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी हे विचारत होतं, तेही चारचौघांत. त्याला बाप आठवला, विहार आठवला, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याला स्वतःलाच परकं वाटलं.

“मले नका इचारू, मालक. इतवारीले इचारा, डबा घेऊन कुठी जाते तो.”

इतवारी तिथेच दोर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. वामनरावांनी विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं, की तो चाकांना पाणी टाकत होता.

“उन्हात चाक सुकते ना, मालक. बंडीच्या चाकाले नाई टाकत का आपण? नाई टाकलं तं धाव सुटते. इथी तं झालरीनं हवा बी बंद करून टाकली. हात घालून पाह्यलं तं चाक तापून राह्यलं होतं.”

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. लाकडी चाक सुकून त्याची लोखंडी धाव निसटते, हे खरं. पण रबराच्या टायरला पाणी पाजणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. चोराला निदान धड कारण तरी सुचावं, असं एक ड्रायव्हर म्हणाला. मग लपून काऊन टाकत होता, असं वामनरावांनी विचारलं. इतवारी खाली मान घालून म्हणाला, हे असे हसतात म्हणून. पुढे त्यानं मान वर केली ती डोमाकडे पाहायला.

“तुले बी असंच वाटते का?”

डोमाला काय वाटत होतं? त्याला वाटत होतं की इतवारी खोटं बोलत नाही. त्याला असंही वाटत होतं की तो खरं बोलत असेल तर मग चोर आपणच ठरतो. हो म्हणवेना, नाही म्हणायची हिंमत होईना. तो हातातल्या कमटीकडे पाहत राहिला.

इतवारीनं दोराचं वेटोळं नीट जागेवर ठेवलं. केबिनमधून आपली पिशवी काढली आणि तो फाटकाबाहेर गेला. चांद्याच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची पाठ बराच वेळ दिसत होती.

वामनराव घरात गेले, लोक पांगले. श्रीहरी मात्र तिथेच घुटमळत होता. माणूस भला होता. आपल्या टोपऱ्यापायी एक म्हातारा चोर ठरून गेला हे त्याच्या जिवाला लागलं असावं. त्यानं बोल्ट खोलायचे पाने मागवले आणि आपलाच नियम मोडून झालरी उघडायला लावल्या.

झालर खाली आली आणि तिच्यामागे भिंत निघाली. जंगलाच्या रस्त्याची तांबडी धूळ झालरीत आपोआप भरत होती. बांबूचा पाला त्यात मिसळत होता. इतवारी त्यावर रोज पाणी ओतत होता. झालरीआड वारा नाही, टायरची धग तेवढी होती, त्यामुळे तो चिखल थरावर थर चढून विटेसारखा भाजून निघाला होता आणि टायरला घट्ट भिडला होता. टायरचं रबर तिथे घासून चकचकीत झालं होतं. ब्रेक दाबून ठेवून कुणी गाडी हाकावी, तसा डोमा इतके दिवस गाडी हाकत होता.

पहारीनं ते ढेकूळ फोडावं लागलं. श्रीहरी बाजूच्या दगडावर बसला.

“वारा सगळा हिशेबात धरला होता मी,” तो म्हणाला. “धूळ धरलीच नाही.”

वामनरावांना बोलावलं तर ते पोट धरून हसले. चोर सापडला, असं म्हणून त्यांनी ढेकळाला चप्पल मारली आणि डोमाच्या खांद्यावर हात ठेवला. डोमाचं नाव जसंच्या तसं परत मिळालं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण तसं वाटत नव्हतं, आणि का ते त्याला लगेच समजेना.

ते रात्रीच्या जेवणाला कलाबाईनं समजावलं. ती भाकर थापता थापता, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “तुमच्या अंगाले लागलं, तं तुमी त्याच्या अंगाले पुसलं.”

डोमा जेवला नाही.

श्रीहरी नागपूरला जाण्याआधी झालरी काढून ठेवायला सांगून गेला. टोपऱ्याचं काय, असं काकांनी विचारलं. सावलीकडच्या धानाच्या मोकळ्या पट्ट्यात गाडी पळते, तिथे ते उपयोगी पडत असेल. जंगलात गाडी पळतच नाही, तिथे ते नुसतं ओझं असेल. दोन्ही मिळून वाचतं की जातं हे आता आपल्यालाही सांगता येत नाही, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. टोपरं तसंच राहिलं. काढायलाही वेल्डर लागला असता.

डोमा मात्र धानोऱ्याच्या बसमध्ये बसला. इतवारीच्या अंगणात मोहफुलं वाळत पडली होती. इतवारीनं बाज टाकली, पाणी दिलं, कलाबाई कशी आहे ते विचारलं. डोमानं चिखलाची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, चुकलो मी. त्याला वाटलं होतं इतवारी शिव्या देईल. त्यानं शिव्या द्याव्यात म्हणूनच तो आला होता.

“माह्याच पाण्यानं झालं ना मंग,” इतवारी म्हणाला. “मले वाटलं, चाकाले बरं वाटन.”

तो तेवढंच बोलला. चोरीचा विषय त्यानं काढला नाही आणि डोमाला तो पुन्हा काढता आला नाही. येशील का, असं विचारल्यावर तो हो म्हणाला, आणि चार-सहा दिवसांनी आलाही. पिशवी केबिनमध्ये जुन्याच जागी टांगली. दोघं पुन्हा एका डब्यात जेवू लागले. डोमाला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

मूलच्या पंपावर डिझेल भरायला गाडी लागली. डोमानं खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं आणि वळून पाहिलं तर इतवारी जागेवर नव्हता. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता आणि भर उन्हात, गाडीकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून उभा होता. हात अशा बेतानं बांधलेले, की पंपावरून कुणालाही दिसावेत.

डोमानं हाक मारली. इतवारीनं मागे न पाहता, होऊ द्या तुमचं, असा हात केला आणि हात पुन्हा जागेवर नेला.

नळी टाकीत होती, पंपवाला आकड्याकडे बघा म्हणून सांगत होता. डोमा आकडा न बघता रस्ता ओलांडून गेला आणि इतवारीच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही गाडीकडे पाठ केली. समोर कापलेल्या धानाच्या रिकाम्या बांध्या होत्या.

“टाकी उघडी हाय तुमची,” इतवारी म्हणाला.

“असू दे.”

मागे झाकण लागल्याचा आवाज झाला, तेव्हाच इतवारीनं हात सोडले.