बैलाच्या खुराखालची मेंढी

टण्ण! दुपारच्या शांततेत रांजणाच्या झाकणावर तांब्या टेकला. मित्रांनो, ते झाकण म्हणजे मी. मी एक जुना गोल पत्रा आहे. पण एके काळी मी ग्रामपंचायतीचं बोधचिन्ह होतो.

जन्मानं मी तेलाच्या पिंपाचं झाकण. ताडकळसच्या बन्सीधर पेंटरनं मला घासून पांढरा रंग दिला आणि माझ्यावर गाव काढलं. मध्ये लाल कंधारी बैल, कारण गावाचा भार त्याच्या खांद्यावर. एका अंगाला ज्वारीचं कणीस, दुसऱ्या अंगाला मोट. भोवतीची काळी कड म्हणजे गावची काळी जमीन. खाली ठळक अक्षरांत 'एकी हेच बळ'. बन्सीधर एकेकाचा अर्थ सांगायचा, बघणारे माना डोलवायचे. मला वाटायचं, सगळं गाव माझ्यात मावलं.

गाव मात्र धुमसत होतं. दोन-तीन वर्षांमागे विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या जळक्या भिंती अजून तशाच उभ्या होत्या. पारावरची माणसं एकमेकांकडे तिरकं बघत.

मला भिंतीवर चढवायचं, त्या दिवशी बैठकीला केवळाबाई आली. धनगराची सून, पंचायतीची सदस्य. एरवी तिचा अंगठा रजिस्टर घरी पाठवूनच घेत. आज ती स्वतः दारात उभी होती, काखेत सहा महिन्यांची रुख्मिणी.

"ह्यात मेंढी न्हाई," ती म्हणाली.

सरपंच दिनकरराव हसले. "मेंढीचं काय काम त्यात? उद्या कोंबडी म्हणाल!"

"मालक, सुगी झाली की आमी तुमच्याच रानात मेंढ्या बसवताव. लेंडीचं खत पडतंय, तवा कणीस भरतंय. कणीस काढलं, अन् त्याच्या बुडाला कोण हाय ते इसरले."

"आधी नावावरून पेटलं, आता चित्रावरून पेटवायलीस का?" तात्याराव नावाचे सदस्य खेकसले. "लेकरू घी अन् जा. चूल बघ."

"चूल बघूनच आले, तात्या. तुमी खताचं बघा. चिन्हात मेंढी न्हाई, तर औंदा रानात बी न्हाई."

मला खिळा ठोकला गेला तो असा, भांडणातच.

केवळाबाईचा नवरा रायभान आणि बाकीचे धनगर त्या वर्षी कळप शेजारच्या झरी गावच्या रानात नेऊन बसवू लागले. आमची रानं खताविना राहिली. जाता-येता बांधावर तोंड घालणाऱ्या मेंढ्यांना दगड बसू लागले. एकीचा पाय मोडला. रायभाननं तिला खांद्यावर घातलं आणि पंचायतीसमोरून मुद्दाम सावकाश नेलं. कुणी वर बघितलं नाही.

पेरणी तोंडावर आली, खत तर हवंच होतं; तेव्हा दिनकररावांनी बन्सीधरला बोलावलं. मी खाली उतरलो, पुन्हा रंगाचा वास आला. मला फार बरं वाटलं. मग सगळ्यांसमोर माझ्यावरचं फडकं ओढलं आणि हशा उसळला. मेंढी होती, पण उंदराएवढी. बैलाच्या खुराखाली, मान टाकून पडलेली.

"घ्या! दिला मान!" तात्याराव ओरडले.

बन्सीधरनं खाली बघितलं. "मला सांगितलं तसं काढलं, बाई."

केवळाबाईनं लेकरू रायभानच्या हातात दिलं. कमरेचा विळा काढला आणि मेंढी खरवडायला लागली. "पायाखालची जागा नगं आमाला. ठिवा तुमच्या बैलाला." प्रत्येक ओरखडा मला लागला. पण मित्रांनो, त्या हशापेक्षा कमीच.

पुढच्या सुगीला पोटासाठी मेंढ्या पुन्हा त्याच रानात बसल्या. उघड्या पडलेल्या जागी मला गंज चढला. नवी पाटी आली, तिच्यावरही मेंढी नव्हती; मी उकिरड्यावर गेलो. तिथून केवळाबाईनंच मला उचलून आणलं, राखेनं घासलं. रांजणाला झाकण हवंच होतं.

मित्रांनो, तुमच्या पंचायतीवर, शाळेवर असं एखादं चिन्ह असेल. ते पुसून नीट ठेवा. पुसताना घटकाभर थांबून बघा, आपल्यातलं कोण त्यात काढायचं राहून गेलंय, आणि कुणाला कुठं बसवलंय.

रुख्मिणी आता पहिलीत जाते. काल ती माझ्यावर बोट फिरवत 'ए-की-हे-च' वाचत होती. बोट गंजापाशी अडलं.

"आई, हितं काय व्हतं?"

"मेंढी. बैलाच्या पायाखाली काढली व्हती. मी खरवडली."

पोरीनं तो डाग नखानं खरवडून बघितला. केवळाबाई भाकरी थापत होती.

"पायाखाली का व्हईना आई, पर व्हती तर खरी. आता आपली मेंढी कुठं हाय?"

केवळाबाईनं पिठाचे हात झटकले आणि मला उचलून उजेडात धरलं.