लहरीवाल्या महाराजांची परडी

पुंडलिकनगरच्या मंगल कार्यालयात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळी साठी ओलांडलेली मंडळी! समोर दिव्यदृष्टी महाराज फेटा कानांवर ओढून, डोळे मिटून बसलेले. दारात त्यांचा चेला अतुल एकेकाच्या मोबाइलवर नावाची चिठ्ठी चिकटवून तो परडीत ठेवत होता.

"बंद करू नका, आजोबा! कुलूप काढून द्या. महाराज त्यातून तुमच्या लहरी ओढतात, लहरी!"

लहरी म्हणे! रत्नमालाबाईंनी नाक मुरडलं. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई ती. आली होती फक्त शेजारच्या आवडाबाईंसाठी. महाराजांनी आवडाबाईंची वाढलेली साखर, पुण्यातला मुलगा सत्यम, सुनेशी झालेलं भांडण, सगळं न सांगता ओळखलं होतं आणि वर हुकूम सोडला होता, "सुई बंद! माझा अंगारा खा." बाईंनी खरंच इन्सुलिन सोडलं. आता पायाची जखम चिघळली होती, तरी त्यांचं आपलं एकच, "गुण येतोय, रत्ना. तुझा इश्वास नाय, तर तू गप बस."

गप बसणाऱ्यातल्या रत्नमालाबाई नव्हत्या. कालच त्यांच्यासमोर आवडाबाईंना सत्यमचा फोन आला होता. "आई, मागच्या गुरुवारी माझा मेसेज वाचलास, निळ्या खुणा दिसल्या. मग उत्तर का नाही दिलंस?"

"अरे, तवा फोन महाराजांच्या परडीत होता की!"

स्वतःच्या तोंडानं हे बोलूनही आवडाबाईंच्या डोक्यात उजेड पडला नाही. रत्नमालाबाईंच्या मात्र लख्ख पडला. ही मंडळी हल्ली दुखणीखुपणी, भांडणं, नवस सगळं फोनवर लिहितात. लुच्च्यांना आणखी काय पाहिजे? त्यांनी सकाळीच लेकीशी संगनमत करून तिला एक मेसेज धाडला, 'विशाखा, दुबईत तुझ्या भावाची, शिवराजची किडनी गेली गं.' आणि आज तो फोन मुद्दाम उघडाच परडीत टाकला.

त्यांची पाळी आली. महाराज थरथरले.

"माते! समुद्रापार तुझा शिवराज तळमळतोय. त्याची किडनी काळी पडलेली दिसतेय मला!"

सभेत हुंदके फुटले. तेवढ्यात आवडाबाईच उठल्या. "कुठला शिवराज? हिला पोरगा नायच! एकच पोरगी, विशाखा. बाळंतपणात मीच उशाशी होते!"

"तो... मागच्या जन्मीचा..."

"मागच्या जन्मी किडनी दुबईला पाठवली व्हती व्हय?" सभेत बसलेले सखारामकाका ओरडले. हशा पिकला.

रत्नमालाबाईंनी पुढं होऊन फेटा उचलला. कानात इवलंसं यंत्र! सखारामकाकांनी मागच्या खोलीचं दार ढकललं, तर दोन उनाड पुढ्यात परडी घेऊन फोन वाचत होते आणि तिसरा महाराजांच्या कानात बोलत होता. हीच ती दिव्यदृष्टी!

आवडाबाईंना रडू कोसळलं. "माझं घरातलं बोलणं या मेल्यांनी वाचलं, अन् मी याच्या पाया पडले!"

"रडू नंतर. आधी दवाखाना," रत्नमालाबाई म्हणाल्या. मग सभेकडं वळून कडाडल्या, "फोन शिकलात, लई चांगलं केलं. आता जरा शंका घ्यायलाही शिका! कुणी मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी विचारा, याला कळलं कसं? आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

आवडाबाईंचा पाय वाचला. दोन बोटं मात्र कापावी लागली. कुणी नव्या महाराजाचं कौतुक सांगायला आलं की त्या चप्पल काढतात, पाय पुढं करतात आणि म्हणतात, "बघ."