खंडेनवमीला घरी न गेलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, जप्त केलेल्या सायकलींच्या शेजारी भिंतीला टेकून उभी असते. माझ्या चापाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर मालकाचं नाव आणि खटल्याचा नंबर आहे. बंदुकीला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगते. तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात माझ्या नळ्या घडल्या, त्यांना अक्रोडाचा दस्ता बसला आणि लासुर्ण्याच्या कुंडलिकरावांनी मला घरी आणलं. उसात कोल्हे शिरायचे, त्यांना हाकलायला परवाना मिळाला होता. खरं सांगायचं तर कोल्ह्यांनी मला कधी मनावर घेतलं नाही. बार झाला की पलीकडच्या उसात जायचे, शांत झालं की परत यायचे. पण घरात लग्न निघालं की माझा थाट असायचा. नवरदेव मांडवाच्या दारात आला की कुंडलिकराव आभाळाकडे बार काढायचे आणि पोरं कानांवर हात ठेवून उड्या मारायची. बारामतीहून त्यांनी माझ्यासाठी चामड्याचा पट्टाही करून आणला होता.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं ओसरीवर मांडतात. कोयते, खुरपी, नांगराचा फाळ आणि मधोमध मी. हळदीकुंकू लावायचा मान सुनेचा. वरकुट्याची शकुबाई कुंडलिकरावांच्या मुलाची, संभाजीची बायको होऊन आली, त्या वर्षी तिने पहिल्यांदा माझ्या दस्त्याला कुंकू लावलं. बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. सासू ठमाबाई हसल्या.

"भिऊ नगंस. घराची राखण करती ती."

शकुबाईने मान हलवली. पुढे दर वर्षी तिनेच मला कुंकू लावलं.

कुंडलिकराव वारले आणि परवाना संभाजीच्या नावावर झाला. संभाजी गावात अगदी गरीब गाय. चावडीवर कुणाला अरे म्हणायचा नाही. सगळा राग तो घरी घेऊन यायचा. भाजीत मीठ कमी पडलं, शकुबाई शेजारणीशी जरा जास्त बोलली, माहेरचं कुणी येऊन गेलं, त्याला काहीही पुरायचं. मग तो मला खुंटीवरून काढायचा आणि जेवताना ताटाशेजारी ठेवायचा. नळ्यांची तोंडं चुलीकडे, म्हणजे शकुबाईकडे. "वाढ," म्हणायचा. ती वाढायची. तो जेवायचा. बाहेर काहीच ऐकू जायचं नाही. असं कैक दिवस चाललं.

मग नागपंचमी आली. शकुबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, तेव्हा संभाजीने मला खांद्याला लावलं होतं आणि ती चुलीपुढे उभी होती. भावाने उंबऱ्यातून ते पाहिलं, आत धावून त्याने नळ्या वर ढकलल्या आणि बहिणीला नेसत्या लुगड्यानिशी घेऊन गेला.

खटला दाखल झाला. इंदापूरच्या कोर्टाने संभाजीला जामीन दिला, पण दोन अटी घातल्या. बंदूक आणि परवाना ठाण्यात जमा करायचा, आणि शकुबाईच्या आसपास फिरकायचं नाही. संभाजी मला गोधडीत गुंडाळून जीपमधून घेऊन आला. हवालदाराने मला मधून उघडून रिकाम्या नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं आणि पुठ्ठा बांधला. निघताना संभाजी म्हणाला, "तेल देत जावा तिला. गंज चढंल." बायकोचं नाव त्याने काढलं नाही.

खंडेनवमी आली. ठाण्यातही त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते, म्हणून मलाही इतर हत्यारांबरोबर टेबलावर ठेवलं होतं. ठमाबाई सकाळीच येऊन बसल्या होत्या. हवालदार त्यांना समजावत होता, "आजी, कोर्टाचा हुकूम हाय, माझ्या हातात काय न्हाय. सूनबाईंची हरकत नसंल तर वकिलाला अर्ज करायला सांगा." म्हणून ठमाबाईंनी निरोप धाडून शकुबाईला बोलावून घेतलं होतं. ती भावाबरोबर आली आणि दाराशी उभी राहिली.

"शके, पूजेपुरती घरी नेतो बंदूक," ठमाबाई म्हणाल्या. "तुझी हरकत न्हाय म्हण. तुझ्या सासऱ्याच्या हातची वस्तू. बिनपूजेची ऱ्हायली तर बरं दिसंल का?"

शकुबाईने माझ्याकडे पाहिलं. कुंडलिकरावांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. "मामांची वस्तू हाय, त्ये खरं," ती हळूच म्हणाली. ती हो म्हणणार, असं मला दिसत होतं.

ठमाबाईंनाही ते दिसलं, आणि त्यांना राहवलं नाही.

"आन् येवढं भ्यायला काय झालंय गं? तुला काय हुऊ दिलं असतं व्हय मी? त्यो जेवायच्या आधी हात धुवायला गेला का रोज काडतुसं काढून घेत हुते. हरभऱ्याच्या मडक्यात लपवीत हुते."

शकुबाईने माझ्या नळ्यांकडे पाहिलं.

"म्हंजे त्यो भरत हुता," ती म्हणाली.

ठमाबाईंनी नजर टेबलावरच्या पूजेच्या ताटाकडे वळवली.

"मी मनाला सांगायची, रिकामी असंल, नुसतं भ्या दावत्यात. तेवढ्यावर दिस काढले. मला मडक्याचं का न्हाय सांगितलं, आत्याबाई?"

"तुझं भ्या गेलं असतं, तर त्याच्या ध्येनात आलं असतं गं."

हेही खरंच होतं. मग शकुबाई तशाच सपाट आवाजात म्हणाली, "पंचमीला तुमी बायकांसंगं वारुळाला गेला हुता."

ठमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या दिवशी काडतुसं कुणी काढली नव्हती, मित्रांनो. माझ्या दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या.

शकुबाई टेबलाजवळ आली. तिने ताटातलं हळदीकुंकू चिमटीत घेतलं आणि माझ्या दस्त्याला लावलं, त्याच जुन्या जागी. या वेळी बोट चटकन मागे घेतलं नाही. मला कधी काही वाटलं असेल, तर ते त्या वेळी. मला लाज वाटली.

"झाली पूजा," ती म्हणाली. "मान माझा हुता, त्यो मी केला. आता हिला घरी न्यायचं कारण ऱ्हायलं न्हाय. हवालदार, आत ठेवा तिला. माझी हरकत हाय."

तेव्हापासून ती दर खंडेनवमीला वरकुट्याहून येते, मला कुंकू लावते आणि हवालदार खोलीला कुलूप लावेपर्यंत थांबते. ठमाबाईही येतात. दोघी एका बाकावर बसतात, फारसं बोलत नाहीत.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, तेल द्या, विसरू नका. माझं मागणं निराळं आहे. माझ्या डाव्या नळीला आतून गंज धरलाय. तो कुणी पुसू नका.