गर्दीतला आपला

आमचे बाबा सिनेमा बघायला बसले की हिरोकडे बघत नाहीत. हिरॉइनकडे तर नाहीच नाही. ते बघतात मागे. लग्नाच्या सीनमध्ये ताट घेऊन उभा असलेला माणूस, कोर्टात कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला, हिरो बेशुद्ध पडल्यावर पाणी आणायला धावणारा. या माणसांना सिनेमात नाव नसतं, पण बाबांच्या मते अख्खा हिंदी सिनेमा त्यांच्याच खांद्यावर उभा आहे. "हिरो रडला म्हणून कोणी रडत नाही," ते मला सांगतात. "हिरोच्या मागचा माणूस मान खाली घालतो ना, तेव्हा आपल्याला रडू येतं. बघ नीट." मी नीट बघायला लागले आणि माझं वाटोळं झालं. आता मलाही हिरो दिसत नाही.

हे वेड बाबांना जन्मापासूनचं नव्हे. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवण्याचं आमचं दुकान आहे. बाबा दिवसभर ओठांत बारीक खिळे धरून काम करायचे, त्यामुळे बोलायचे कमी आणि रागवायचे डोळ्यांनी. सिनेमा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं ठाम मत होतं. दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, मात्र सिनेमाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. रेक्झिन कापता कापता तो हिंदीत बोलत राहायचा, एकटाच, दोन वेगवेगळ्या आवाजांत. एक दिवस त्याने सांगून टाकलं, की मी सिनेमात काम करायला चाललोय. बाबांनी ओठांतले खिळे काढून टेबलावर ठेवले आणि त्याच्या थोबाडीत मारली.

"लोकांच्या मागे उभं राहायला जातोस? जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

दादा गेला आणि त्याने खरंच तोंड दाखवलं नाही. मग बाबाच ते तोंड शोधायला लागले.

आई त्याच्याही आधी वारली होती. घरात आम्ही दोघंच. एका शुक्रवारी बाबांनी दुकान लवकर बंद केलं आणि टॉकीजला गेले. कुठे गेला होतात, विचारलं तर म्हणाले, "खुर्च्या बघायला. फाटल्यात तिथल्या." पुढच्या शुक्रवारीही खुर्च्याच बघायला गेले. त्यानंतर मी सोबत गेले. मध्यंतराच्या जरा आधी त्यांनी माझं मनगट धरलं. "आपला! तो बघ, आपला!" पडद्यावर हॉटेलात हिरो-हिरॉइन भांडत होते आणि मागे एक वेटर टेबल पुसत होता. अंगकाठी दादासारखी, चालही तशीच. चेहरा धड दिसेपर्यंत सीन संपला. मला काही तो दादा वाटला नाही, पण बाबांची पकड इतकी घट्ट होती की मी म्हटलं, "हो, असेल."

त्या 'असेल'वर बाबांनी पुढची सगळी वर्षं काढली. तो माणूस अधूनमधून दिसायचाच. कधी पोस्टमन, कधी हवालदार, कधी कंपाउंडर. नाक तर अजिबात आमच्या घरातलं नव्हतं, पण मेकअपवाले नाकसुद्धा बदलतात, असं बाबांनी मला ऐकवलं. "हवालदार झाला की पोट पुढे काढतो आणि कारकून झाला की खांदे पाडतो. कोणी शिकवलं असेल याला?" हे सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. त्याला शोधता शोधता ते बाकीचाही सिनेमा बघायला लागले. गाण्यात मान डोलवायला लागले. कापडाच्या व्यापाऱ्याशी ते असं काही हिंदी बोलायचे, की भाव कमी करावा की पोलीस बोलवावेत, हेच त्या बिचाऱ्याला कळायचं नाही. आपण ज्याला रिकामटेकडेपणा म्हणत होतो तो काय आहे, हे बाबांना उतारवयात कळत होतं, आणि सांगायला दादा नव्हता.

गेल्या महिन्यात दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडून "मी बोलतोय" एवढंच आलं, आणि मी आवाज ओळखला. दादा. त्याला भेटायला यायचं होतं.

"ये ना," मी म्हटलं. "बाबा तुझे सगळे सिनेमे बघतात."

"कुठले सिनेमे?" तो म्हणाला. "एकाच सिनेमात होतो मी. तो लागलाच नाही कधी. वर्षभरात सोडलं सगळं. लिफ्टच्या कंपनीत आहे मी, केव्हापासून."

मला आधी राग आला. एक फोन करायला काय झालं होतं? मग भीती वाटली. बाबांचा मुलगा दर थोड्या दिवसांनी पडद्यावर यायचा, धडधाकट दिसायचा, काम चांगलं करायचा. आता खरा मुलगा येऊन त्याला पुसून टाकणार होता. बाबा हे सोसतील, असं मला वाटेना. तरी दादाला येऊ नको म्हणायला जीभही रेटली नाही.

तो आला. कपाळावरचे केस मागे हटलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात ऑफिसची बॅग. बाबांना हवा होता तसाच झाला होता, अगदी नको तेव्हा. पाया पडून तो समोर बसला आणि पाठ करून आल्यासारखं सगळं सांगून मोकळा झाला. "तुमचंच खरं झालं, बाबा. मला जमलं नाही. हरून परत यायची लाज वाटत होती."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत, रडले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग तो कोण?"

"कोण तो?"

"आपला," बाबा म्हणाले, आणि उठून आतल्या खोलीत गेले.

दादा रजा काढून आला होता, तो राहिला. बाबा दादाशी नीट बोलायचे, चहा झाला का विचारायचे, पाहुण्याशी बोलावं तसं. शुक्रवार आला तरी दुकान बंद केलं नाही. एका खुर्चीचं कापड त्यांनी लावलं, उसवलं, पुन्हा लावलं. "मी यायलाच नको होतं," दादा मला स्वयंपाकघरात म्हणाला. मी भांडी घासत होते. कोणाचा राग करावा, हेच मला कळत नव्हतं. दोघांचाही येत होता.

पुढच्या शुक्रवारी मी तीन तिकिटं काढून आणली. बाबांनी मान हलवली. "आता कोणाला बघायचंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "इतकी वर्षं त्या माणसाला आपला, आपला म्हणत होतात ना? मुलगा नाही म्हटल्यावर लगेच परका झाला? त्याचं काम तर तेच आहे. तुम्ही नाही बघितलं तर त्याच्याकडे बघणार तरी कोण? हिरोला बघायला आहेत गाडीभर!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर आवाज चढवला होता. त्यांनी ओठांतले खिळे काढले. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ते उठले, हात धुतले आणि शर्ट बदलायला गेले.

टॉकीजमध्ये बाबा मधे बसले, मी आणि दादा दोन्ही बाजूंना. सिनेमा सुरू झाला. लग्न झालं, भांडण झालं, दोन गाणी झाली. मी गर्दी चाळत होते, पण तो माणूस कुठेच नव्हता. मध्यंतरात कोणी उठलंही नाही. तो आला फार उशिरा, हॉस्पिटलच्या सीनमध्ये, वॉर्डबॉय होऊन. डॉक्टर हिरोच्या बापाला वाईट बातमी सांगत होते आणि हा मागून रिकामं स्ट्रेचर घेऊन चालला होता. बातमी कानावर पडताच त्याने ते जागीच थांबवलं, अलगद, चाकांचा आवाज होणार नाही असं. केवढं सुंदर केलं त्याने!

"बाबा, आला," मी कुजबुजले.

मी वळून पाहिलं. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते दादाकडे बघत होते. दादा खुर्चीच्या कडेवर आला होता आणि त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पडद्यावरच्या माणसाबरोबर तोही ते स्ट्रेचर थांबवत होता. आपण काय करतोय याचं त्याला भानच नव्हतं. लिफ्टच्या कंपनीतला तो साहेब कुठल्या कुठे गेला होता.

आपल्याकडे कोणी बघतंय हे जाणवून तो दचकला आणि त्याने हात मागे घेतले. "बाबा, सिनेमा तिकडे आहे."

"असू दे," बाबा म्हणाले. "मी तुलाच बघायला येत होतो. सोडायला नको होतंस रे."

मागच्या रांगेतून कोणीतरी "गप्प बसा की" म्हणून ओरडलं. दादा लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि आमच्यापैकी कोणी त्याला गप्प केलं नाही.