ढालीवरची कौसल्या

मी ढाल बोलतेय. लढाईबिढाई काही पाहिलेली नाही हो मी. साधी पत्र्याची आहे, नगरपालिकेच्या दारावर टांगलेली. नीरेकाठच्या आपल्या जुन्या शहराचं मानचिन्ह म्हणजे मीच. वर वेशीची कमान, कडेला ऊस, खाली नदी आणि नदीवर घागर भरणारी बाई.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी जोतीराम पेंटरनं मला रंगवलं. त्याला नुसती 'एक बाई' काढायला सांगितली होती. पठ्ठ्यानं आपली बायकोच काढली! लासुर्ण्याची कौसल्या. दात किंचित पुढं, हनुवटीवर गोंदण. कुणाला पत्ताही लागला नाही. दाखल्यासाठी रोज शंभर माणसं माझ्याखालून जातात, पण मान वर करायला फुरसत कुणाला आहे?

पुढच्याच वर्षी कौसल्या तापानं गेली. तिचा एकही फोटो कधी काढलेला नव्हता. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी जोतीराम यायचा आणि वर बघत उभा राहायचा. शिपाई हसायचे, "म्हातारा सोताच्याच कामावर खूश हाय." मला त्यांचा फार राग यायचा. शहराच्या झेंड्यावरही माझंच चित्र आहे, पण त्यावर तिचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. नाकडोळे काहीच नाहीत.

यंदा सव्वीस जानेवारीच्या आधी मला खाली उतरवलं. रंग उडाला होता, हे खरंच. काम भिमाला मिळालं. तो जोतीरामच्याच हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशीचा. त्यानं मन लावून सगळं नव्यानं रंगवलं. बाईही काढली, गोल चेहऱ्याची, देखणी. मग मला पुन्हा दारावर टांगलं.

बाजाराच्या दिवशी जोतीराम आला. वर बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. भिमा तिथंच डबे आवरत होता.

"जुन्या रंगावरनंच दिलास न्हवं?" जोतीरामनं विचारलं.

केवढ्या आशेनं विचारलं त्यानं! वरचा रंग अलगद काढला असता, तर खाली कौसल्या सापडली असती.

"छ्या! न्हाय आबा," भिमा अभिमानानं म्हणाला. "पार पत्रा दिसंपर्यंत घासला. तुमीच शिकवलंय न्हवं, जुन्यावर नवा चढवायचा न्हाय म्हणून?"

जोतीरामनं पुन्हा एकदा वर बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "चोख काम केलंस."

त्यानंतर चार बाजार झाले. तो आलेला नाही.

जोतीराम, मला तिला सांभाळता आलं नाही रे. पॉलिश पेपर तिच्या चेहऱ्यावर आला, तेव्हा मी जिवाच्या आकांतानं ओरडले होते. भिमाला वाटलं, पत्रा वाजतोय.