झरीच्या शेडमधली पादुका

"लाहू वरठा गेला आणि अरबी समुद्र पोरका झाला," असं शाळेच्या मास्तरांनी झरीतल्या शोकसभेत माइकवरून सांगितलं खरं, पण मास्तरांनाच जरा चुटपुट लागली. कारण खुद्द लाहूच सांगायचा, की नौदलातली पंधरा वर्षं तो जहाजाच्या पोटात इंजिनापाशी होता. समुद्र त्याने धड पाहिला तो सुट्टीवर आल्यावर, डहाणूच्या किनाऱ्यावर, भेळ खाताना.

पेन्शन घेऊन परतल्यावर लाहू डहाणूच्या एका ट्रॅक्टर एजन्सीत लागला आणि सर्व्हिस मॅनेजर होऊन निवृत्त झाला. दोन्ही नोकऱ्यांनी त्याला एकच आजार दिला, शिस्तीचा. त्याची बायको रखमीवहिनी कंबर दुखते म्हणाल्या, तर हा आधी विचारणार, "उठताना दुखते, का काम चालू असताना? आवाज येतो का?" घरामागच्या शेडमध्ये त्याने एक लांब फळी ठोकली होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगाने काढलेला. हातोडी काढून नेली, की तिच्या जागी लाल हातोडी दिसायची आणि काय गेलंय ते आंधळ्यालाही कळायचं.

कोण घेऊन गेलंय, ते कळायची सोय वेगळी होती. जहाजावर म्हणे हत्यार नेणारा आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावून जायचा. झरीत बिल्ले कुठले? लाहूने फर्मान काढलं, डाव्या पायाची चप्पल टांगा आणि हत्यार न्या. दिवाळीनंतर, शेतावरचे पंप बाहेर निघायचे त्या दिवसांत, निम्मं गाव एका चपलेवर लंगडत घरी जायचं. पण हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं.

एक सोडून. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी पंप खोलायला सोळा-सतराचा पाना नेला. मग त्याने पलंगाचे नट आवळले. मग मास्तरीणबाईंना तो नारळ फोडायला बरा पडला. महिना गेला, आणि इतक्या उशिरा तो परत न्यायची मास्तरांना लाज वाटू लागली. लाहू भेटला की पान्याचं नावही काढायचा नाही. नुसतं म्हणायचा, "मास्तर, चप्पल न्यायची राहिलीय हां तुमची." मास्तर म्हणायचे, "उद्या येतो." त्या उद्याच्या आधीच लाहू गेला.

आता सभा त्याच शेडमध्ये होती आणि तीच फळी मास्तरांच्या पाठीशी होती. मास्तर पहाटेच येऊन चप्पल काढणार होते, पण तलासरीहून आलेला मंडपवाला त्यांच्याही आधी पोचला होता. त्याने लाहूचा गणवेशातला फोटो फळीच्या मधोमध लावला, आणि शेजारी एकटी चप्पल दिसली म्हणून तिलाही झेंडूचा हार घातला. गावाला खरं काय ते ठाऊक होतं. पण ज्यांना ठाऊक होतं ते सगळे कधी ना कधी एका चपलेवर घरी गेलेले. ते खाली मान घालून बसले.

सरपंच निर्मलाताई पलीकडच्या पाड्यावरच्या; त्यांच्या घरी कधी पाना लागला नव्हता. त्या उठल्या, चपलेला हात जोडले आणि म्हणाल्या, "याच पादुकांनी युद्धनौकेवर पाऊल ठेवलं. ग्रामपंचायत यांच्यासाठी काचेची पेटी करणार. कुलूपबंद. आता मास्तर पहिलं फूल वाहतील."

मास्तरांनी फूल घेतलं. कासाच्या बाजारातून आणलेली ती चप्पल, टाचेला त्यांनीच मारून घेतलेला बारीक खिळा. मागच्या रांगेतल्या हाल्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, "बघ, मास्तर आता स्वतःच्याच पाया पडतात."

एक फूल वाहिलं की सुटका होती. चप्पल पेटीत, पाना घरात, आणि विचारणारा फोटोत. मास्तरांनी फोटोकडे पाहिलं. लाहूच्या चेहऱ्यावर, एखादं गिऱ्हाईक 'मी गाडीला हातच लावला नाही' म्हणत असताना यायचा, तोच शांतपणा होता.

मास्तरांनी फूल टेबलावर ठेवलं आणि माइक ओढला.

"ताई, पेटी करू नका. ती चप्पल माझी आहे."

निर्मलाताईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

"लाहूचा पाना माझ्याकडे आहे. दोन वर्षं झाली. त्याने एकदासुद्धा मागितला नाही, म्हणून मी दिला नाही. समुद्राचं मला काही ठाऊक नाही. पोरका झालाय तो त्या फळीवरचा खिळा, आणि तो माझ्यामुळे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. निर्मलाताई सुस्कारा टाकून कुलूपबंद पेटीऐवजी गावाच्या वेशीवर लाहूच्या नावाची कमान उभारायचं बोलू लागल्या.

तेवढ्यात मागच्या दारातून रखमीवहिनी आल्या. हातात रिकामी कळशी.

"कमान करा सावकाश," त्या म्हणाल्या. "मास्तर, तो पाना तेवढा आत्ता आणून द्या. दोन दिवस पंप बंद पडलाय, माणसांना चहाला पाणी नाही. आणि नारळाचा चिकटा पुसून आणा."