चिमटीला औषध कोणी लावलं?

त्या घराला एक वाईट खोड होती. कुठलंही काम करायचं ते गुपचूप, कुणाला न सांगता. सांगितलं की ते काम जन्मभरासाठी गळ्यात पडतं, असा सगळ्यांचा अनुभव होता. थोरल्याने एकदा हौसेने सांगितलं की गळका नळ मी दुरुस्त केला, तेव्हापासून शेजाऱ्यांचे धरून सगळे नळ त्याच्या नावावर चढले. धाकट्याने एकदा चहा बरा केला आणि तो बिचारा अजून करतोच आहे. त्यामुळे सगळे शहाणे झाले होते. कोण कधी काय करून ठेवेल याचा पत्ता लागायचा नाही, आणि विचारायला जावं तर सगळे छताकडे बघत बसायचे. अशा घरात वहिनी थोरली सून म्हणून आली आणि तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही उतरला नाही.

वहिनीचं घराला लागूनच केस कापायचं छोटं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा आणि केस धुवायचं एक बेसिन. तिने पाळलेली कुत्री, भिंगरी, दुकान आणि घर यांच्यामधल्या खोलीत व्याली. चार पिल्लं झाली, आणि पिल्लांच्या मागोमाग पिसवाही झाल्या.

पिसवांना वहिनी घाबरत नव्हती. शाळा उघडल्या की डोकं खाजवत येणारी पोरं तिच्याच खुर्चीत बसायची, तेव्हा असल्या पाहुण्यांची तिला सवय होती. तिला धास्ती होती ती घरच्यांची. म्हणून ती आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तिला बजावून सांगितलं की पिल्लं जेमतेम महिन्याची आहेत, त्यांच्या अंगाला थेंब, पावडर, तेल, कसलंही औषध लावायचं नाही. पाजणाऱ्या कुत्रीला चालेल असं औषध भिंगरीला मी देते. पिल्लांना फक्त बारीक दातांचा कंगवा फिरवायचा, निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. फारच वाटलं तर कोमट पाण्याने अंग धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. अंथरूण कडकडीत पाण्यात धुवायचं, कोपऱ्यांतला केर रोज काढायचा. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर मात्र थांबायचं नाही, तडक इथे आणायचं, कारण एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा बघता बघता पिऊन टाकतात. आणि नव्या घरी पाठवायचं ते दोन महिन्यांची झाल्यावर. त्या दिवशी इथे आणायची, वजन करून त्या वजनाचं औषध मी माझ्या हाताने लावीन.

वहिनीने घरी येऊन हे सगळं नवऱ्याला, सासूबाईंना आणि धाकट्या दिराला समोर बसवून सांगितलं. तिघांनीही लगेच माना डोलावल्या. इतक्या लगेच डोलावल्या, तिथेच खरं तर तिने ओळखायला हवं होतं.

पण तिचा कंगवा सुरू झाला. गिऱ्हाईक नसलं की ती एकेक पिल्लू मांडीवर घ्यायची, केसांत भांग पाडत पाडत शेपटीपर्यंत जायची आणि वाटीतल्या फेसाळ पाण्यात कंगवा झटकायची. तिन्ही थोरली पिल्लं गुबगुबीत होती, त्यांना घरं मिळाली होती. चौथी चिमटी. मुठीत मावेल एवढी, एक कान उभा आणि एक आडवा. चिमटी वहिनीच्या बाबांकडे जाणार होती.

बाबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. दोन गल्ल्या सोडून एकटेच राहायचे. गेल्या वर्षी वहिनीची आई गेली आणि त्या घरात फक्त टीव्ही बोलायचा उरला. फोन केला की बरं आहे, जेवलो, ठेवतो, एवढ्यावर आटपायचं. मग एक दिवस चिमटी त्यांच्या चपलेवर झोपली आणि बाबा तासभर पाय न हलवता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी वाडगा आणला. तो गुळगुळीत आहे, तिचं तोंड घसरेल, म्हणून नंतर दुसरा आणला. आता फोन ते स्वतःहून करायचे आणि ठेवायचं नावच घ्यायचे नाहीत. वहिनीला जगात सध्या एकच गोष्ट हवी होती, ही पोर धडधाकट बाबांच्या घरी पोचावी. बाकी पिसवांनी वाटलं तर सगळं घर खाऊन टाकावं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती एका बाईंच्या केसांना रंग लावत होती. मधल्या खोलीतून भिंगरीचं विचित्र कण्हणं ऐकू आलं. वहिनी हातमोज्यांसह आत धावली. तीन पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती. चिमटी एकटी भिंतीशी पडली होती, अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती आणि मागचे पाय आपोआप झटके देत होते. मानेवर तेलकट पट्टा होता आणि त्याला नाकात झोंबणारा वास येत होता.

रंगवाल्या बाईंना तिने बेसिन दाखवलं, वेळ झाली की तुम्हीच धुवा म्हणून सांगितलं, आणि चिमटीला टॉवेलात गुंडाळून गाडीत बसली. नवरा गाडी चालवायला आला, दीर दार उघडायला आला आणि सासूबाई काय झालं ते कळायला हवं म्हणून आल्या. वाटेत तिने तिघांनाही विचारलं. तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिल्लू हातात घेतलं, मानेचा वास घेतला आणि मदतनिसाला कोमट पाणी आणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी धुवायला घेते, पण काय लावलंय ते मला नेमकं कळलं पाहिजे, पुढचे उपचार त्याच्यावर ठरतात. मग त्यांनी घरच्यांकडे पाहिलं. घरच्यांनी दवाखान्याच्या छताकडे पाहिलं.

तेव्हा वहिनीचं डोकं फिरलं.

"हे बघा," ती म्हणाली, "आज जो सांगेल त्याच्या गळ्यात मी काहीसुद्धा घालणार नाही. पण जो मूग गिळून बसेल त्याच्यामुळे ही पोर जाईल. बोला आता."

मग नवऱ्याने घसा खाकरला. तो घरं रंगवायचा, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच इलाज होता. त्याने परवा सोफ्याखालची फरशी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली होती. ते ऐकून दिराला धीर आला. त्याने दोन मोठ्या पिल्लांना नळाखाली धरून थंड पाण्याने आंघोळ घातली होती, आणि ती शिंकायला लागल्यावर शर्टात घेऊन बसला होता. मग सासूबाईंनी पदर सावरला आणि आपण पिल्लांच्या टोपलीखाली मुंग्यांची पावडर टाकल्याचं सांगितलं. अगदी थोडी, चवीपुरती.

डॉक्टरीणबाईंचे हात पाण्यात होते, नाहीतर त्यांनी कपाळालाच लावले असते. यातलं कुठलंही एक प्रकरण त्या पिल्लांना इथे आणायला पुरेसं होतं, असं त्या म्हणाल्या. पण मानेवरचं हे यांपैकी काहीच नव्हतं. ते मोठ्या कुत्र्यांच्या मानेवर सोडायचे थेंब असावेत, तसलं काहीतरी होतं.

वहिनी पुन्हा तिघांकडे वळली. पंधरा दिवसांचा संताप तिच्या जिभेच्या टोकावर होता. कंगवा फिरवून फिरवून बोटं दुखायची, टोपलीतलं अंथरूण धुवून धुवून हात सोलवटले होते, आणि ही माणसं मागून येऊन टोपलीखाली विष पेरत होती. पण नवरा शपथेवर सांगत होता, दिराचा चेहरा रडवेला झाला होता आणि सासूबाई तर पावडरीच्या कबुलीनेच गळून बाकावर बसल्या होत्या. हे खोटं बोलत नव्हते. आणि मग तिच्या मनात आलं, लावलं ते एकट्या चिमटीलाच का? घरातल्या कुणी लावलं असतं तर चौघांनाही फासलं असतं. जो कोणी होता त्याला बाकीच्या तिघांशी काही देणंघेणं नव्हतं.

तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, चिमटीला काही लावलंत का?"

"कळलं का तुला?" बाबांचा आवाज खुशीत होता. "वास जरा उग्र आहे, पण जालीम आहे म्हणे. सकाळी आलो तर तू गिऱ्हाइकात होतीस, म्हटलं कशाला त्रास द्यायचा. आणि पुरं नाही लावलं गं, लहान आहे ना, अर्धीच नळी लावली."

"उरलेली नळी घेऊन दवाखान्यात या. आत्ता."

"का गं?"

वहिनीला ते सांगावं लागलं. पलीकडे बाबांनी फोन ठेवला नाही, नुसता श्वास ऐकू येत राहिला, तेव्हा शेवटी तिनेच ठेवला.

बाबा आले ते धापा टाकत, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. रिक्षासुद्धा केली नव्हती. त्यांनी नळी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. बाईंनी ती दिव्याखाली धरून वाचली. मोठ्या कुत्र्यांसाठी होती, आणि पिल्लांना वापरू नये असं तिच्यावर छापलंच होतं. मोठ्या कुत्र्याची अर्धी नळीसुद्धा एवढ्याशा पिल्लाला कितीतरी जास्त होते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. काय आहे ते कळलं ते बरं झालं म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला आत गेल्या.

वहिनी बाबांसमोर उभी राहिली.

"एवढं स्पष्ट छापलंय, बाबा. वाचलं का नाहीत?"

"ते बारीक अक्षर तुझी आई वाचायची," बाबा म्हणाले.

वहिनीचा राग काही गेला नाही. राग होताच, चांगला उकळता होता. फक्त तो आता कुणावर काढायचा ते तिला कळेना. बाबांचा चष्मा त्यांच्या खिशात होता आणि त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. ती काडी कधी तुटली हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि त्यांची बटणं सोडवून नीट लावायला लागली.

चिमटीला दोनदा साबणाने धुतलं, पुसून कोरडं केलं, दिव्याच्या उबेत ठेवलं. बराच वेळ तिचे पाय तसेच झटकत राहिले. मदतनीस सारखा सारखा तिचं अंग चाचपून बघत होता. बाहेर ऊन उतरलं तेव्हा कुठे झटके कमी झाले. मग तिने डोकं उचललं आणि डॉक्टरीणबाईंचं बोट चोखायला लागली. बाई म्हणाल्या, वाचली असं समजा, पण दोन दिवस इथेच राहू दे. लगेच आईजवळ नेऊ नका, अंगावरचं औषध ती चाटेल. आणि घरी गेल्यावर आधी त्या टोपलीखालची पावडर काढा.

सासूबाई तत्परतेने हो म्हणाल्या, आणि ते काम आपल्या गळ्यात पडलं हे लक्षात येऊन गप्प झाल्या.

बाबा काचेतून चिमटीकडे बघत होते. आत जायला त्यांनी नकार दिला होता.

"तिला दुसऱ्या कुणाला तरी दे," ते म्हणाले. "धड वाचता येईल अशा माणसाला."

"दुसऱ्या कुणाला बिणाला मी देणार नाहीये," वहिनी म्हणाली. "उद्या आधी चष्म्याच्या दुकानात जायचं. चिमटी घरी आली की ती दोन महिन्यांची होईपर्यंत रोज माझ्याकडे यायचं, कंगवा कसा फिरवायचा ते मी शिकवते. आणि पुढे तिला काहीही लावायचं, पाजायचं असेल, तर आधी मला फोन करायचा. मी वाचून दाखवीन."

बाबांनी थोडा विचार केला.

"आजही करणार होतो," ते म्हणाले. "पण तू चिडतेस गं."

मागच्या बाकावर नवरा, दीर आणि सासूबाई तिघांनीही नकळत माना डोलावल्या. वहिनीने वळून बघितलं तसे तिघे छताकडे बघायला लागले.

"चिडेनच," ती म्हणाली. "तरी करायचा."